शहर तापतं, तुंबतं: उपाय करताना या चुका टाळा

तुंबणाऱ्या रस्त्याखाली मोठा नाला घातला की तो रस्ता पहिल्या पावसात कोरडा राहतो आणि उताराच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरतं. खोल्या थंड करायला एसी लावले की मागची गल्ली तापते. हवामान बदलाशी जुळवून घेताना होणाऱ्या बऱ्याच चुका याच जातीच्या असतात. पाणी किंवा उष्णता घालवली असं आपण समजतो, प्रत्यक्षात ती शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेली असते. म्हणून कुठलाही आराखडा समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: हे जाणार कुठं?

जुन्या पावसावर बेतलेली गटारं

पर्जन्यवाहिन्यांचे व्यास ठरतात ते मागच्या काही दशकांच्या पावसाच्या नोंदींवरून. पण तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते अनेकदा थोड्या वेळात, धो धो खाली येतं. वर्षभराची सरासरी फारशी न बदलताही एका तासाचा पाऊस गटाराला झेपेनासा होतो. त्यामुळे वार्षिक आकडा पाहून आराखडा करणाऱ्याला थांबवा. तासाचा, जमलं तर पंधरा मिनिटांचा पाऊस पाहायला सांगा.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोगही घात करतो. मागच्या वर्षी येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत, असं लोकांना वाटतं. त्याचा खरा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षं त्याच घरात राहिलात तर तो पूर एकदा तरी पाहण्याची शक्यता २६ टक्के होते, तीही हवामान बदलत नाही असं धरून.

मग सगळी गटारं मोठी करायची का? कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला अवघ्या दोनेक तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि तळघरं, रस्ते, सगळं पाण्यात गेलं. पुढच्या वर्षी त्या शहराने ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला. त्यातला हिशोब असा निघाला, की सगळं पाणी जमिनीखालच्या वाहिन्यांतून न्यायचं ठरवलं तर जास्त खर्च येतो. त्यापेक्षा काही रस्ते मुद्दाम पाणी वाहून नेण्यासाठी आखायचे, काही बागा खोलगट करून तात्पुरती तळी होऊ द्यायच्या आणि उरलेल्यासाठी वाहिन्या, हे स्वस्त पडतं. रॉटरडॅमचा बेंथेमप्लेन चौक त्याच विचारातला. एरवी तिथं मुलं खेळतात, मोठ्या पावसात त्या खोलगट मैदानांत १७ लाख लिटर पाणी थांबतं आणि नंतर सावकाश निघून जातं.

पण इथंच पुढची चूक तयार असते. पाणी मुरवणारी फरसबंदी, शोषखड्डे, पाणथळ बागा केल्या की शहर स्पंज झालं, आता काळजी नको, असं मानलं जातं. स्पंजही भरतो. चीनमधल्या चंगचौ शहराने या कामांवर मोठा खर्च केला होता. २० जुलै २०२१ च्या संध्याकाळी तिथं एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला, पाणी भुयारी रेल्वेत शिरलं आणि प्रवासी बुडून मेले. यावरून स्पंजाची कल्पनाच फसवी ठरवणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही. नेहमीच्या पावसाला ती उत्तम आहे. मात्र ती भरल्यावर पाणी कोणत्या वाटेने जाईल हे आराखड्यात रेघ ओढून दाखवायला हवं, आणि त्या वाटेवर भुयारी मार्गाचं तोंड किंवा दवाखाना नको.

पाऊस थांबला, पाणी हलेना

अशा वेळी नाल्याची रुंदी मोजत बसण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, रस्त्याकडेची जाळी. आत चार फुटी वाहिनी आणि वर प्लॅस्टिक-पाल्याने बुजलेली हातभर जाळी असेल तर वाहिनी रिकामीच राहते. दुसरी, नाला जिथं सुटतो ते तोंड. किनाऱ्यावरच्या शहरात ते भरतीच्या पातळीखाली असेल तर भरतीच्या तासांत पाणी बाहेर जात नाही, उलट आत येतं. तिथं एकेरी झडपा आणि पंप लागतात, शिवाय भरती ओसरेपर्यंत पाणी साठवायला जागा. समुद्र वर चढतोय तसे हे अडलेले तास वाढत जाणार.

तिसरं कारण इतकं साधं आहे की कुणी ते चूक म्हणून धरतच नाही. जुना थर न खरवडता दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढवला जातो. रस्ता वर येतो, घरांची जोती तेवढीच राहतात आणि एके दिवशी रस्त्याचा उतार उंबऱ्याकडे होतो. मग घरमालक अंगणात भराव टाकतो, शेजारी त्याहून वर भराव टाकतो. ही चढाओढ थांबवायची तर नवा थर टाकण्याआधी जुना खरवडण्याची अट कंत्राटात घालायला हवी.

भिंत उंच, जमीन मात्र खाली

समुद्राची पातळी वाढतेय म्हणून तटबंदी वाढवायची, हे ऐकायला सरळ वाटतं. जकार्ताच्या उत्तर भागात मात्र जमीनच काही दशकांत मीटरांच्या हिशोबात खचली. मोठं कारण भूजलाचा बेसुमार उपसा. खालची माती आकसत असताना भिंत चढवत राहणं म्हणजे बुडणाऱ्या नावेला उंच काठ लावणं. विसाव्या शतकात टोकियोही असंच खचत होतं. तिथं भूजल उपशावर बंधनं आली आणि बहुतेक भागात खचणं जवळपास थांबलं. म्हणून किनारी शहराने भिंतीच्या निविदेआधी बोअरवेलची मोजणी करावी. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही, हीच बहुधा अडचण असावी.

जनित्र वर, पंप खाली

पुराचा धडा शिकून न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने जनित्रं तेराव्या मजल्यावर ठेवली होती. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात तळघर बुडालं आणि जनित्रांना इंधन चढवणारे पंप त्या तळघरात होते. शेवटी माणसांची साखळी करून जिन्याने हातोहात इंधन तेराव्या मजल्यावर पोचवावं लागलं. आपल्या इमारतीत हा दोष शोधायला एक दुपार पुरते. वीज जिथून आत येते तिथपासून पाण्याच्या पंपापर्यंत आणि लिफ्टच्या यंत्रणेपर्यंत चालत जा. वाटेत जे जे पूररेषेच्या खाली दिसेल ते लिहून काढा. यादीत एक जरी गोष्ट उरली तर वर नेलेल्या बाकी सगळ्याचा उपयोग शून्य.

काच, आणि चुकीच्या बाजूचा छज्जा

काचेतून ऊन आत येतं, भिंती-फरशी तापवतं, आणि त्या तापलेल्या वस्तूंनी सोडलेली उष्णता काचेतून तशीच परत जात नाही. त्यामुळे आतल्या बाजूला पडदे लावणं उशिराचं असतं, ऊन तोवर घरात आलेलं असतं. ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं. परावर्तक काच लावली तर आपली खोली वाचते आणि समोरच्याची तापते. लंडनच्या २० फेंचर्च स्ट्रीट या अंतर्वक्र काचेच्या मनोऱ्याने २०१३ मध्ये खालच्या रस्त्यावर उन्हाचा असा झोत पाडला, की उभ्या गाडीचे प्लॅस्टिकचे भाग वितळले. नंतर त्या दर्शनी भागावर सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

सावली करतानाही चारही बाजूंना सारखाच छज्जा काढून मोकळं होण्याची सवय आहे. उत्तर गोलार्धात दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, तिथं आडवा छज्जा छान चालतो. पश्चिमेचा सूर्य खाली उतरलेला असतो, तो छज्ज्याखालून सरळ आत घुसतो. तिथं उभ्या पट्ट्या, सरकती झापं, जाळीची भिंत किंवा दाट झाड हवं. खिडकीच लहान ठेवता आली तर त्याहून बरं. दुपारी चारनंतर खोली भट्टी होते ही तक्रार आली की आधी छपराला नव्हे, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा.

दिवसाचं तापमान पाहून केलेले उपाय

उष्णतेची लाट जीव घेते त्यात रात्रीचा वाटा मोठा असतो. दिवसभर ऊन प्यायलेलं काँक्रीट आणि डांबर रात्रभर ते बाहेर टाकत राहतं आणि शरीराला सावरायला अवधीच मिळत नाही. १९९५ मध्ये शिकागोत सातशेहून जास्त माणसं गेली, २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. पॅरिसमध्ये छपराखालच्या खोल्या विशेष घातक ठरल्या. त्यामुळे सगळ्या इमारतीसाठी पैसे नसतील तर वरच्या मजल्यापासून सुरुवात करा. गच्चीला पांढरा परावर्तक लेप द्या आणि खाली उष्णतारोधक थर. लेप धुळीने मळतो, त्याची परावर्तनाची ताकद पहिल्या वर्षातच उतरू लागते, म्हणून दर उन्हाळ्याआधी तो धुण्याचं काम कुणाचं हे लिहून ठेवा.

हाच पांढरा रंग रस्त्याला द्यायचा मोह आवरा, निदान भर दुपारी माणसं चालतात तिथं. पृष्ठभाग थंड होतो हे खरं, पण परावर्तित ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येतं. पादचाऱ्याला सावली लागते.

एसीला माझा विरोध नाही, लाटेच्या दिवसांत तो जीव वाचवतो. पण बाहेरची युनिटं अरुंद डक्टमध्ये एकावर एक लावली की खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, सगळ्यांचं बिल वाढतं आणि डक्टकडे उघडणाऱ्या खिडक्या कायमच्या बंद होतात. आणि नेमकी लाटेतच वीज गेली तर? न उघडणाऱ्या खिडक्यांची इमारत तेव्हा काही तासांत राहण्यालायक उरत नाही. नकाशा मंजूर करतानाच विचारा, की वीज नसताना या खोलीत वारा कुठून येईल आणि कुठून जाईल. एकाच भिंतीत दोन खिडक्या असतील तर उत्तर मिळालं असं समजू नका.

लावलेली झाडं मोजणं

झाड सावली देतं, पानांतून पाणी सोडून हवाही थंड करतं. त्यासाठी मुळांना माती आणि ओल लागते. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि हातभर आळं असलं तर रोप जगलं तरी छत्री धरत नाही, आणि मोठं झालंच तर वादळात मुळासकट आडवं होतं. कोलंबियातल्या मेडेयीनने २०१६ पासून रस्ते आणि ओढ्यांच्या कडेने तीस हरित पट्टे केले, त्यात झाडं राखायला माणसं शिकवून कामाला लावली. खड्डा, माती, पाणी आणि तीन वर्षांची निगा यांचे पैसे ज्या अंदाजपत्रकात नाहीत, त्यातला रोपांचा आकडा खोडून निम्मा करा आणि उरलेली रक्कम खड्ड्याच्या मातीवर व पाण्यावर टाका.