दातांच्या दवाखान्यात मास्क-हातमोजे कसे घालावेत आणि कसे काढावेत

स्केलर, म्हणजे दातांवरचा कडक थर काढायचं यंत्र, सुरू झाला की बारीक फवारा उडतो. त्यात पाण्याबरोबर पेशंटची लाळ असते, कधी रक्तही. म्हणून तयारी पेशंट 'आ' करण्याआधीच व्हायला हवी.

अंगठी, घड्याळ काढून हात धुवा. आधी लांब बाह्यांचा गाऊन घाला, मागचे बंद बांधा. मग मास्क. त्याची नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली न्या. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्येच टोक येतं आणि बाजूला फट राहते. चष्म्यावर वाफ धरत असेल तर हवा वरून निसटतेय, हे ओळखा. फवारा उडणाऱ्या कामाला एन-९५ चांगला, पण दाढीवर तो घट्ट बसत नाही. त्यानंतर बाजूनेही झाकलेला गॉगल किंवा फेसशील्ड. साधा नंबरचा चष्मा पुरत नाही. शील्ड लावली म्हणून मास्कला सुट्टी नाही. हातमोजे सगळ्यात शेवटी, हात पूर्ण कोरडे करून, गाऊनच्या बाहीवर ओढून.

काम चालू असताना मोबाइल वाजतो, ड्रॉवर उघडावासा वाटतो. त्या हातमोज्यांनी हात लावलात की लाळ तिथे पोहोचलीच. मदतनिसाला सांगा, नाहीतर हातमोजे बदला. धुऊन पुन्हा वापरणं नको. धुतल्याने न दिसणाऱ्या छिद्रांतून ओल आत शिरते. मास्क दर पेशंटला नवा, आणि मध्येच ओला झाला तर तेव्हाच.

खरी गडबड होते ती काढताना. थकलेला माणूस आधी मास्क ओढतो, तोही हातमोज्यांसकट! तसं करू नका. एका हातमोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू धरून तो उलटा करत काढा आणि दुसऱ्या मुठीत ठेवा. मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्याच्या आत, कातडीलगत सरकवून तोही उलटवा. पहिला त्यातच गुंडाळला जातो. मग गाऊन आतली बाजू बाहेर करत उतरवा. हात स्वच्छ करा. गॉगल कानामागच्या काड्यांनी धरून काढा. मास्क शेवटी, फक्त नाड्यांना धरून. पुन्हा साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा.

राहिली हत्यारं. ती धुताना पातळ हातमोजे चालत नाहीत, स्केलरचं टोक त्यांतून सहज आरपार जातं. जाड रबरी हातमोजे सिंकजवळच टांगून ठेवा.