मुलांच्या सामन्याला पंच म्हणून निघताना

शालेय स्पर्धांचे दिवस आले की नाशिकच्या मैदानांवर नवे पंच दिसू लागतात. पंचांची परीक्षा नुकतीच पास झालेली, एकोणीस-वीस वर्षांची पोरंपोरी. चौदा वर्षांखालच्या कबड्डीत एका पकडीवरून लोक यांच्याच अंगावर धावून येतात, आणि येणारे बहुतेक वेळा पालक असतात. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० चा कायदा आहे, पत्रकारांसाठी २०१७ चा. पंचांसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेतल्या वीसहून अधिक राज्यांनी तो केला आहे. आपल्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेवरच उभं राहायचंय. तेव्हा तयारी घरूनच करून निघा.

पिशवीत शिट्टीच्याही आधी नेमणुकीचं पत्र टाका. तालुक्याच्या एका गावी मला तिघांनी गाडीपाशी अडवून मारलं, तेव्हा ठाण्यात पहिला प्रश्न आला, "तुम्हाला नेमलं कुणी?" माझ्याकडे 'उद्या या' एवढा एक फोन होता. तारीख, मैदान, काम आणि सही-शिक्का असलेलं पत्र घेतल्याशिवाय निघू नका. स्पर्धा शासनाची असेल आणि मानधन तिथूनच मिळणार असेल, तर हे पत्र दुपटीने मोलाचं. लोकसेवकावर कर्तव्य करताना हल्ला झाला तर कलम १३२ लागतं, आणि पंच त्यात बसतो का, हा मुद्दा वकिलाला त्या कागदाच्या आधारेच मांडता येतो.

मैदान कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. गोल्फ क्लबचं मैदान किंवा पंचवटीतलं मीनाताई ठाकरे संकुल असेल तर शहर आयुक्तालय, निफाड-सिन्नरकडे गेलात तर ग्रामीण पोलीस. ११२ सगळीकडे चालतो. आयोजकांना दोनच गोष्टी मागा: प्रेक्षक आणि रेषा यांच्यामध्ये दोरी, आणि पालकांशी बोलायला एक ठरलेला माणूस. गाडी फाटकाजवळ, रस्त्याकडे तोंड करून लावा. सामना संपला की सरपंच (म्हणजे सामन्याचा मुख्य पंच), पंच, गुणलेखक सगळे एकत्रच निघा. आणि खेळाडूच्या अंगाला कारणाशिवाय हात लावू नका. आपली बाजू स्वच्छ हवी.

काही घडलंच, तर वाद घालत बसू नका. गुणपत्रिकेच्या मागे वेळ आणि साक्षीदारांची नावं लिहा. शब्द मात्र जसेच्या तसे उतरवा. आपल्याला संकोच वाटतो, मग आपण 'शिवीगाळ केली' एवढंच लिहितो आणि तक्रार तिथेच लंगडी पडते. 'बघून घेतो' आणि 'जिवंत सोडणार नाही' यांत कायद्याला मोठं अंतर दिसतं: जिवे मारण्याची धमकी कलम ३५१(३) मध्ये जाते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. शांतता बिघडेल अशा हेतूने केलेला अपमान कलम ३५२ मध्ये येतो, पण त्यासाठी शिवी कागदावर हवी. मुलींनो, तुम्हाला उद्देशून अश्लील बोललं गेलं तर कलम ७९, अंगाला हात लावला तर ७४. हा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, तो आग्रह धरा.

कुणी व्हिडिओ काढला असेल तर त्याला मूळ क्लिप पुसू नको म्हणून सांगा, फोनसुद्धा बदलू नको. न्यायालयात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ती क्लिप ग्रुपवर फिरवू नका, तिच्यात अल्पवयीन मुलांचे चेहरे असतात.

मार लागला असेल तर घरी जाऊन हळद लावू नका. पोलिसांकडून वैद्यकीय तपासणीची यादी (रुग्णालयाच्या नावाचं पत्र) घेऊन सिव्हिलला जा आणि दुखतंय तिथला एक्स-रे मागा. हाड मोडलं किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत ठरते आणि गुन्हा दखलपात्र होतो, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो. साध्या मारहाणीत बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवतात. तिचा क्रमांक आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत, आणि तो आदेश मागायला हीच प्रत लागते. दखलपात्र गुन्हा असूनही घेतला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी पाठवा. वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

ठाण्यात एकटे जाऊ नका. पहिल्यांदा जाणाऱ्या पोरासोबत जुन्या पंचाने बसायचं, रात्रीचे बारा वाजले तरी. माझ्या वेळी कुणी आलं नव्हतं. तुम्ही फोन करा, मी येतो.