रासायनिक समीकरण संतुलित करायला शिकवताय? आधी पाऊच स्टेपल करा

डावीकडे किती अणू, उजवीकडे किती अणू, मग जुळवा. हा तक्ता सगळेच शिकवतात आणि तो चुकीचा नाहीये, पण नुसत्या त्याच्यावर भिस्त ठेवली तर पोरांना हिशोब येतो, केमिस्ट्री येत नाही. मी कितीतरी वर्षं तेच केलं. एकदा वह्या तपासताना हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या गणितात उत्तर आलं एचटूओटू. खाली तक्ता मस्त आखलेला, हायड्रोजन दोन-दोन, ऑक्सिजन दोन-दोन, आणि मी चक्क बरोबरची खूण करून पान उलटलं! तीन वह्यांनंतर तेच उत्तर परत दिसलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पाणी हवं होतं, पोरांनी हायड्रोजन पेरॉक्साइड करून ठेवलं होतं, आणि हिशोब मात्र चोख.

सामान फार नाही. चार-पाच रंगांचे मणी किंवा बटणं, आरपार दिसणारे छोटे पाऊच, स्टेपलर, मार्कर. काड्या-गोळ्यांचे मॉडेल किट असेल तर ते या धड्याला आणूच नका, पोरं कोन आणि बंध बघत बसतात आणि मोजायचं राहून जातं.

संयुजा (एक अणू किती बंध करतो तो आकडा) आणि रेणुसूत्रं आधी यायला हवीत, ती येत नसतील तर हा धडा पुढे ढकला. आणि जोडीने राहणारी सात मूलद्रव्यं (हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण ऑक्सिजन एकटाच लिहून टाकला की पुढचं सगळंच फुकट.

मग पाऊच भरा. एक पाऊच म्हणजे एक रेणू. पाण्याच्या पाऊचमध्ये दोन पांढरे मणी आणि एक लाल, वर मार्करने सूत्र, आणि तोंड स्टेपलरने बंद. प्रत्येक पदार्थाचे सात-आठ तरी करा, कमी पडले की वर्गात गोंधळ होतो.

आता खरी अडचण. पोराच्या नजरेत सूत्रातले सगळे आकडे सारखेच असतात, मग जो हाताला लागेल तो बदलतो. पायातला बारीक आकडा म्हणजे पदार्थाची ओळख, पुढचा मोठा आकडा म्हणजे असे किती, हे मी शंभरदा बोलून दाखवलं, फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी लिहिलं, सूत्राभोवती चौकट काढली, माना डोलल्या आणि परीक्षेत पुन्हा तेच. आजची रासायनिक चिन्हं ज्याने रूढ केली त्या बर्झेलियसने तर सुरुवातीला हा आकडा चिन्हाच्या वरच्या बाजूला लिहिला होता, आता आपण खाली लिहितो, पण वर असो की खाली, तो सूत्राला चिकटलेलाच. हे कानाने कळत नाही, हाताने कळतं. बाकावर डावीकडे हायड्रोजनचा एक पाऊच, ऑक्सिजनचा एक, उजवीकडे पाण्याचा एक. लाल मणी डावीकडे दोन, उजवीकडे एकच. आता वाढवा म्हटलं की हात आपोआप पाण्याच्या पाऊचकडे जातो आणि पिन उचकटायला लागतो. तिथेच थांबवायचं. पाऊच फोडायचा नाही, आख्खा पाऊच वाढवायचा, एवढाच नियम. मग पाण्याचा दुसरा पाऊच येतो, त्याने पांढरे मणी चार होतात, म्हणून डावीकडे हायड्रोजनचा दुसरा पाऊच. झालं, दोन, एक, दोन. हेच आकडे वहीत सूत्रांच्या पुढे उतरवायचे.

आणि इथे एखादं पोर विचारतंच, की अभिक्रियेत रेणू तुटतात ना, मग पाऊच का नाही फोडायचा? शंका एकदम रास्त आहे, ती उडवून लावू नका, मी एकदा उडवली होती आणि ते पोर महिनाभर गप्प बसलं. फोडायचे, पण सगळ्यात शेवटी. आकडे ठरले की डावीकडचे सगळे पाऊच बाकावर रिकामे करा आणि त्याच मण्यांतून उजवीकडचे रेणू बनवायला सांगा. एकही मणी उरता कामा नये, एकही कमी पडता कामा नये. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये द्रव्य अक्षय्य असतं म्हणून जे मांडलं ते इथे बाकावर दिसतं. मिथेनसाठी हे जरूर करा: एक मिथेन, दोन ऑक्सिजन, उजवीकडे एक सीओटू आणि दोन पाणी, लाल मणी बरोब्बर चार.

(मॅग्नेशियम ऑक्साइडचा सुटा रेणू नसतो, स्फटिक असतो, पण मोजण्यापुरतं एक सूत्र एक पाऊच चालतं. कोणी विचारलं तर खरं सांगून टाका.)

क्रम साधा आहे: जे मूलद्रव्य दोन्हीकडे एकेकाच पदार्थात आहे ते आधी, सुटा ऑक्सिजन शेवटी. इथेनच्या ज्वलनात ऑक्सिजनचे साडेतीन पाऊच निघतात, पोरं हसतात, हसू द्या, आणि मग सगळंच दुप्पट करा: दोन इथेन, सात ऑक्सिजन, चार सीओटू, सहा पाणी. एक्स-वाय मांडून सोडवायची पद्धत शाळेत कशाला आणतात मला कळलेलं नाही.

कंसासाठी पाऊचमध्ये पाऊच. कॅल्शियम नायट्रेटमध्ये नायट्रेटचे दोन छोटे पाऊच, बाकी तेच.

उजळणीला मी पाठ केलेली समीकरणं विचारत नाही. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं फळ्यावर तीन समीकरणं, त्यातल्या एकात अणूंचा हिशोब जुळतो पण पदार्थ भलताच झालाय, तो शोधायचा. आणि एक प्रश्न रोज, आकडे बदलून: कॅल्शियम नायट्रेटचे तीन पाऊच, ऑक्सिजन किती? जो अठरा म्हणतो त्याला पुढचं देते, जो नऊ म्हणतो त्याच्या हातात तीन पाऊच ठेवते आणि मोज म्हणते.