गोव्यात छोट्या गाडीचं ऑइल आणि मेंटेनन्स: या चुका टाळा

“अजून दहा हजार किलोमीटर कुठे झालेत, मग आत्ताच कशाला ऑइल बदलू?” हे गोव्यात कुठेही ऐकू येतं आणि माझं ठाम मत आहे की आपल्या गाड्यांच्या इंजिनाचं नुकसान याच हिशोबाने होतं. आपली गाडी चालते किती? म्हापशाहून पर्वरी, डिचोलीहून साखळी, बाजार, शाळा, देऊळ आणि परत घरी, बस. मॅन्युअल उघडून बघा, तिथे नुसते किलोमीटर नसतात, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा महिनेच आधी भरतात.

यामागचं कारण समजून घ्या. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते, सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही जातं. गाडी अर्धा तास सलग चालली की ऑइल चांगलं तापतं आणि हे सगळं उडून जातं. पण चार-पाच किलोमीटरवर गाडी बंद केली की ऑइल तापायच्या आधीच पुन्हा थंड, पाणी आतच राहतं. टेम्परेचरचा काटा मधे आला म्हणजे ऑइल पण तापलं असं धरू नका, काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो, ऑइलला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कशी दमट असते ते सांगायला नको. म्हणून आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास सलग गाडी चालवा, नुसतं अंगणात स्टार्ट करून ठेवलं तर फायदा कमी आणि तोटाच जास्त.

ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि आतून फिकट पिवळट लोण्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं की लोक घाबरतात, कुणीतरी लगेच सांगतं हेड गॅस्केट (इंजिनात कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारं पॅकिंग) गेलं, आणि मोठा खर्च समोर दिसायला लागतो. जरा थांबा. आधी डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढा, पांढऱ्या कपड्याने पुसा, परत घालून काढा. स्टिकवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी किंवा काळपट आहे, कूलंटच्या बाटलीतली लेव्हल महिनाभर तेवढीच आहे, तर ती फक्त दमटपणाची साय आहे, पावसाळ्यात कमी चालणाऱ्या गाडीला ती येतेच, झाकण पुसा आणि गाडी लांब फिरवून आणा. पण स्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालंय, कूलंट कमी होतंय आणि इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर येतोय, तर गाडी अजिबात चालवू नका, टो करून गॅरेजला न्या.

माझ्या मते गोव्यात ऑइल बदलायची योग्य वेळ चतुर्थी झाल्यावर, पाऊस ओसरला की. चार महिन्यांचा ओलावा घेतलेलं ऑइल पुढचे आठ महिने कशाला ठेवायचं? ब्रेक, टायर, वायपर मात्र मे महिन्यातच बघून घ्या, टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर कायद्यानेच तो टायर बाद आणि ओल्या रस्त्यावर तर त्याच्या आधीच बदललेला बरा.

आता ऑइल कुठलं घालायचं. “इकडे गरम होतं, जाड ऑइल घाल रे बाब” असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. आताच्या छोट्या पेट्रोल इंजिनांत पार्टमधली फट बारीक असते, मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० (ऑइलच्या जाडपणाचे आकडे, पहिला थंड असतानाचा) लिहिलं असेल तर तेच घाला, जुन्या काळचं २०डब्ल्यू-५० नको. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग ० कशाला असं वाटेल, पण सकाळी २५ डिग्रीला पण ऑइल चालू इंजिनातल्यापेक्षा कितीतरी जाड असतं आणि पहिल्या काही सेकंदांत ते लवकर वर पोचणं महत्त्वाचं. उरलेलं कारचं ऑइल गिअरवाल्या बाइकमध्ये ओतायचा मोह तर टाळाच, बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डिझेल गाडी २०२० नंतरची बीएस ६ असेल आणि तिला सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असेल तर कमी राख करणारं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं, नाहीतर फिल्टर चोंदतो. आणि डब्याचं सील तपासूनच घ्या.

घरी स्वतः बदलणाऱ्यांसाठी सगळ्यात आधी जीवाची गोष्ट. तांबड्या मातीवर, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, जॅक लावू नका, तो हळूहळू आत रुततो. आणि गाडीखाली चिरे रचून त्याच्या भरवशावर आत शिरणं तर कधीच नाही. चिरा भिंतीत घट्ट वाटतो पण तो भोकाभोकांचा दगड आहे, एका टोकावर गाडीचं वजन आलं की फुटू शकतो. सिमेंटची सपाट जागा, मागच्या चाकांना अडण, हँडब्रेक, आणि खाली लोखंडी स्टँड, हे नसेल तर काम गॅरेजलाच द्या, त्यात कमीपणा काही नाही.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, जास्त तापवू नका, हात भाजतो. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायचा बोल्ट, परत लावताना पहिले आटे बोटांनीच फिरवा, मग पाना. वाकडा गेला किंवा जोर लावून आवळला की खालच्या ऑइलच्या चेंबरचे आटे जातात आणि पाचपन्नास रुपयांच्या वॉशरच्या कामाचं हजारोंचं काम होतं. वॉशर दर वेळी नवीन. जुना ऑइल फिल्टर काढल्यावर त्याच्याकडे बघा, त्याची काळी रबरी रिंग त्याच्यासोबत आली का? कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते, काळ्या ऑइलने माखलेली असल्यामुळे डोळ्याला दिसतच नाही, बोट फिरवलं की कळतं. तिच्यावरच नवीन फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक होतात आणि गाडी चालू केल्यावर प्रेशरने ऑइल धारेसारखं बाहेर येतं. नवीन रिंगला बोटाने थोडं ताजं ऑइल लावा, हाताने फिरवत टेकेपर्यंत न्या आणि पुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच.

डबा साडेतीन लिटरचा आणला म्हणून अख्खा ओतायचा नसतो. पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांना फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. अडीच लिटर घाला, थोडं थांबा, स्टिक बघा, थोडं थोडं वाढवा. मग गाडी दोन मिनिटं चालू करून खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर बघा, बंद करा, पाच मिनिटांनी सपाट जागेवर परत स्टिक. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ते ऑइल घुसळून फेस करतो, फेसाने प्रेशर मिळत नाही, सील गळतात, निळा धूर येतो. जास्त झालं असेल तर काढा, “असू दे थोडं जास्त” नको.

लाल ऑइलचा दिवा म्हणजे लेव्हलचा दिवा असा गैरसमज आहे, तो प्रेशरचा असतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात वळणावर तो क्षणभर लुकलुकला आणि सरळ रस्त्यावर गेला, तर समजा ऑइल इतकं कमी झालंय की वळणावर ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी उघडी पडतेय. तिथेच सुरक्षित जागा बघून गाडी बंद करा आणि स्टिक तपासा, “साखळीला पोचल्यावर बघू” असं करू नका, प्रेशर नसताना इंजिन बेअरिंग खायला फार वेळ घेत नाही.

गाडीखाली डाग दिसला तर आधी रंग बघा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. तपकिरी-काळं म्हणजे ऑइल, हिरवं किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. कूलंट कमी झालं म्हणून विहिरीचं पाणी ओतत राहणं ही आपल्याकडची नेहमीची चूक, किनाऱ्याजवळच्या विहिरींत क्षार असतात, रेडिएटर आतून खातात. आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंडावर उडतं.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक शू गंजून ड्रमला धरतात, सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. सुरू करण्याआधी बॉनेट उघडा, उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरी कुरतडतात. खाण पट्ट्यात गाडी फिरत असेल तर एअर फिल्टर तांबड्या धुळीने लवकर चोंदतो, त्यावर जोरात कॉम्प्रेसर मारला तर कागद फाटतो, बदललेलाच स्वस्त पडतो. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. पाण्यात बुडून बंद पडलेली गाडी मात्र परत परत सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.

उरलं ते जुनं ऑइल. गडग्याच्या मागे ओतलं की चिऱ्याच्या भोकांतून ते खाली झिरपतं आणि आपल्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीच्या दिशेने जातं, व्हाळात टाकलं तर सरळ शेतात. वाळवीसाठी लाकडाला फासणारेही आहेत, पण त्यात कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं असतात, उघड्या हाताने तर हात लावू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं. रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या, फिल्टर पण उलटा करून त्याच डब्यात निथळवा, मगच बाजूला ठेवा.