जत्रेत ल्यूट कोणाला ऐकू येत नाही

अमेरिकेतील रेनेसाँ फेअर म्हणजे सोळाव्या शतकातील इंग्लंडचा देखावा उभा करून, बहुधा शनिवार-रविवारी भरवली जाणारी जत्रा. अशी पहिली जत्रा १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात भरली. टेक्सासमधील टॉड मिशन येथे १९७४ पासून भरणारी जत्रा आज देशातील सर्वांत मोठ्या जत्रांत गणली जाते. पुण्यात सतार शिकून अमेरिकेत आल्यावर मी अशाच एका जत्रेत वादक म्हणून उभी राहिले आणि पहिल्याच हंगामात माझी फजिती झाली.

मी ल्यूट हे तारा छेडून वाजवायचे वाद्य घेऊन गेले होते. त्या काळातील हे सर्वांत प्रतिष्ठित वाद्य असल्याने तेच सर्वांत अस्सल ठरेल, असा माझा हिशेब होता. पण एका बाजूला लोहाराचा घण, पलीकडे घोडेस्वारांच्या झुंजीचा गलबला आणि समोर टर्कीची तंगडी खात उभे असलेले लोक, अशा ठिकाणी तिचा आवाज चार हातांपलीकडे जात नव्हता. शिवाय उन्हात आणि दमट हवेत आतड्याच्या तारा सारख्या उतरत, त्यामुळे वादनाचा बराच वेळ सूर जुळवण्यातच जाई.

त्या काळातील वादकाने ही चूक केली नसती, हे मला पुढे वाचनातून कळले. तेव्हाच्या युरोपात मोठ्या आवाजाची आणि हळू आवाजाची असे वाद्यांचे दोन वर्गच मानले जात: शॉम, सॅकबट (जुन्या धर्तीचा ट्रॉम्बोन), ढोल ही उघड्यावरची, तर ल्यूट आणि गजाने वाजवायची व्हायोल ही दालनातली. आपल्याकडे सनई-चौघडा नगारखान्यात आणि बीन (रुद्रवीणा) दिवाणखान्यात, तशीच ही विभागणी होती. शॉम तर दुहेरी पत्तीचे, सनईच्याच कुळातले वाद्य आहे. म्हणून नवोदितांना माझे सांगणे असे, की वाद्य किती जुने आहे एवढेच पाहू नये, ते कोठे वाजत असे हेही पाहावे.

मी शेवटी हर्डी-गर्डी घेतली. तिच्यात चाक फिरवून तारा घासल्या जातात, खालचा सूर तंबोऱ्यासारखा अखंड चालतो आणि एका तारेखालची सैल घोडी चाकाच्या झटक्यासरशी झणझणते. सतारीची जवारी ओळखणाऱ्या कानाला ती झणझण परकी वाटत नाही. जर्मन संगीतकार मायकेल प्रेटोरियसने १६१९ मध्ये या वाद्याला शेतकऱ्यांची आणि भटक्या बायकांची लायर म्हटले आहे, तेव्हा माझ्या सोंगालाही ते शोभून दिसते.

चिजांचा प्रश्न अधिक अवघड आहे. प्रेक्षक ज्या दारूच्या गुत्त्यातल्या आणि खलाशांच्या गाण्यांची फर्माईश करतात, त्यांतील बरीच एकोणिसाव्या शतकातील आहेत, आणि आयरिश संगीतात सर्रास दिसणारी बुझुकी हे तंतुवाद्य तर १९६० च्या दशकात ग्रीसहून आली. इंग्रज प्रकाशक जॉन प्लेफर्डचा नृत्यसंग्रह अनेकांना एलिझाबेथकालीन वाटतो. प्रत्यक्षात तो १६५१ चा, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी छापला गेला, जरी त्यातील काही चाली जुन्या असल्या तरी. अधिक भरवशाचे हवे असल्यास टिलमन सुसाटोची १५५१ ची नृत्ये, थ्वानो आर्बोचा १५८९ चा नृत्यावरचा ग्रंथ आणि टॉमस रेव्हन्सक्रॉफ्टचे १६०९ मधील फेरगीतांचे (एकामागून एक सुरुवात करून गायच्या गाण्यांचे) संग्रह जवळ ठेवावेत. लोकांनी मागितलेले मीही वाजवते. पण उशिराची चाल राणीच्या दरबारातली म्हणून कधीही सांगत नाही. ही एवढी शिस्त मी सोडत नाही, बाकी बाबतींत जत्रा ही जत्राच आहे.

कपडे सुती नव्हे, लिननचे घ्यावेत. ते घामातही हलके राहतात आणि काळालाही धरून असतात. घड्याळ काढून ठेवावे. पावसाच्या दिवसासाठी लाकडी रंगाचा प्लास्टिकचा रेकॉर्डर (उभी धरून वाजवायची बासरी) बाळगण्यात काहीही कमीपणा नाही, कारण भिजून तडकलेले लाकडी वाद्य त्या हंगामापुरते तरी हातचे गेलेच. ठरलेले मानधन आहे की केवळ टोपीतले पैसे, हे करारापूर्वी स्पष्ट विचारावे. मी पहिल्या वर्षी विचारले नव्हते. टोपी फिरवण्याआधीचे दोन मिनिटांचे बोलणे चिजेइतकेच घोटून तयार करावे, आणि ते शेवटची चीज सुरू होण्यापूर्वी करावे, कारण टाळ्या पडल्या की माणसे उठून चालू लागतात.