क्रूझवर वेगवेगळ्या देशांच्या लोकांत कसं वागायचं, आणि कोणी उद्धटपणा केला तर काय करायचं

क्रूझचं बुकिंग झालं की आपल्याकडे व्हिसा, कपडे आणि खाऊ या तीन गोष्टींची तयारी जोरात होते, पण आपण तीन-चार हजार अनोळखी लोकांबरोबर एकाच लिफ्टमध्ये, एकाच बफेत, एकाच पूलभोवती चार-सहा दिवस राहणार आहोत याची तयारी कोणी करत नाही, आणि मग पहिल्याच दुपारी कोणीतरी रांगेत घुसतं, कोणीतरी खुर्ची अडवून ठेवतं, कोणीतरी आपल्याकडे बघून तोंड वाकडं करतं आणि सगळी ट्रीप त्याच विषयावर बोलण्यात जाते. हे टाळता येतं, थोडं आधी माहीत असलं तर. मी मुख्यतः सिंगापूरहून सुटणाऱ्या आणि मेडिटेरेनियनमधल्या क्रूझ डोळ्यासमोर ठेवून लिहितेय कारण आपले लोक जास्त तिकडेच जातात, पण मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं जे एम्प्रेस जहाज सुटतं त्याच्यावरही यातलं बरंचसं लागू होतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. समोरच्याचं वागणं खटकलं की स्वतःला विचारायचं, यात जहाजाचा नियम मोडला जातोय का, की फक्त आपल्या सवयीपेक्षा वेगळं काहीतरी चाललंय? नियम मोडला जात असेल तर क्रूला सांगायचं, आपण भांडायचं नाही. नुसतीच सवय वेगळी असेल तर सोडून द्यायचं. एवढं जमलं तरी निम्मी चिडचिड जाते.

रांगेचंच बघा. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, जपानी लोक दोन माणसांत चांगलं हातभर अंतर ठेवून उभे राहतात, आणि मुंबईच्या लोकलमधून आलेल्या माणसाला ती जागा रिकामी वाटते, तो सहज पुढे जाऊन उभा राहतो, त्याच्या मनात काहीही वाईट नसतं पण मागच्याच्या डोक्यात तो घुसलेला असतो. इटालियन आणि चिनी प्रवाशांचंही आपल्यासारखंच, जवळजवळ उभं राहायची सवय. तेव्हा रांगेचं शेवटचं टोक शोधायचं, आणि कळत नसेल तर "इज धिस द एंड ऑफ द लाइन?" असं विचारून टाकायचं, त्यात कमीपणा नाही. दुसरा कोणी पुढे घुसला तर हसून "आय थिंक द लाइन स्टार्ट्स बॅक देअर" म्हणायचं, एकदाच, आणि नाही ऐकलं तर तिथल्या स्टाफकडे बघायचं. एकाने रांगेत उभं राहून मागून चौदा जणांना बोलवायचं हा प्रकार मात्र आपल्या ग्रुप टूरमध्ये सर्रास होतो, तो कुठल्याच देशात चालत नाही.

आवाजाबद्दल. आपण मोठ्याने बोलतो, अमेरिकन बोलतात, इटालियन तर हातवारे करून बोलतात, ते भांडण नसतं. पण केबिनच्या भिंती पातळ असतात आणि कॉरिडॉर लांबच लांब, रात्री अकराला तिथे "अगं पप्पांना उठव, उद्या सातला बस आहे" असं ओरडलं की दहा केबिनमधले लोक जागे होतात. बाल्कनीतही तसंच, बाजूच्या बाल्कनीत मध्ये फक्त एक पार्टिशन असतं. व्हिडिओ कॉल स्पीकरवर टाकून बफेत बसू नका, इयरफोन घाला. अंताक्षरी, गरबा, भजन काही करायचं असेल तर ग्रुप लीडरने गेस्ट सर्विसला जाऊन विचारावं की दुपारी एखादा लाउंज मिळेल का, बरेचदा मिळतो, आणि तिथे मनसोक्त गा. लॉबीमध्ये ब्लूटूथ स्पीकर लावून नाही.

पूलवरच्या खुर्च्या हा जगभरातला भांडणाचा विषय आहे. सकाळी सहाला टॉवेल आणि पुस्तक टाकून जायचं आणि अकराला यायचं, यासाठी जर्मन लोकांची चेष्टा होते पण खरं तर सगळेच करतात. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ४० मिनिटं आणि रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर ३० मिनिटं खुर्ची रिकामी राहिली तर स्टाफ सामान उचलतो असा नियम आहे. तुम्ही स्वतः कोणाचा टॉवेल उचलायचा नाही, त्यातून खूप वाईट भांडणं होतात. डेकवरच्या अटेंडंटला खुर्ची दाखवा, ही कधीपासून रिकामी आहे ते सांगा, पुढचं त्याचं काम. आणि थिएटरमध्ये ओढण्या टाकून अख्खी रांग अडवायची नाही, एवढंच.

पूलमध्ये उतरताना स्विमिंगचे कपडे लागतात, सुती पंजाबी ड्रेस, बर्म्युडा-बनियन, साडी चालत नाही कारण धागे फिल्टरमध्ये जातात. अंग झाकायचं असेल तर फुल स्लीव्ह, फुल लेंग्थ स्विमसूट मिळतात ते आधीच घ्या. आधी शॉवर. डायपरमधलं बाळ मोठ्या पूलमध्ये नाही, स्विम डायपर घातला तरी नाही, लहान मुलांसाठी वेगळी जागा असेल तर तिथे.

आता जे लिहितेय ते पुरुषमंडळींनी नीट वाचावं. पूलवर बायका बिकिनीत असतात, तो त्यांचा नेहमीचा पोशाख आहे, तिथे रेंगाळून बघत बसणं, झूम करून फोटो काढणं, "बॅकग्राउंडमध्ये आली" म्हणून व्हिडिओ ग्रुपवर टाकणं हा सांस्कृतिक फरक नाही, ही छळवणूक आहे, आणि तक्रार झाली की सिक्युरिटी केबिनच्या दारात येते. तुमच्याच ग्रुपमधला कोणी करत असेल तर त्याला थांबवायचं काम तुमचं आहे. दुसऱ्यांच्या लहान मुलांचेही फोटो काढू नका, गोरं गोरं बाळ दिसलं म्हणून गाल ओढू नका, आपल्याला त्यात प्रेम दिसतं, त्या आईला अनोळखी हात दिसतो. तिने चिडून बाळ ओढून घेतलं तर तो तुमचा अपमान नाही. उलट जर्मन जहाजांवर गेलात, आयडा किंवा माइन शिफ, तर तिथल्या सॉनामध्ये, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, बाई-पुरुष सगळे कपड्यांशिवाय बसतात, तो त्यांचा नियमच आहे, आपल्याला जमत नसेल तर शांतपणे बाहेर यायचं, कुजबूज आणि हसाहसी नको.

बफेत शाकाहारी लोकांची खरी अडचण चिमट्यांची असते, कोणीतरी चिकनचा चिमटा पनीरमध्ये घालतो. तो मुद्दाम करत नाही, जगातल्या बहुतेकांना यात काही बिघडतं हे माहीतच नसतं. त्याच्यावर डाफरू नका, काउंटरमागच्या शेफला सांगा, तो चिमटा बदलून देतो आणि विचारलंत तर आतून ताजं वाढून देतो. जैन जेवण बुकिंग करतानाच नोंदवायचं आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला परत आठवण करायची. हाताने जेवायला अजिबात लाजू नका, कोणी बघितलं तर बघू दे. मात्र हात साबणाने धुवा, सॅनिटायझर पुरत नाही कारण जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलने नीट मरत नाही. दुसऱ्यांदा घेताना नवीन प्लेट घ्या. आणि पोट बिघडलं तर लपवू नका, मेडिकल सेंटरला फोन करा, दोन दिवस केबिनमध्ये बसावं लागेल म्हणून लपवणं हा माझ्या मते जहाजावरचा सगळ्यात मोठा उद्धटपणा आहे, दिसत नसला तरी.

घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेता येत नाही, सीलबंद पाकीट बहुधा चालतं. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री काढून घेतात. उदबत्ती-दिवा केबिनमध्ये लावायचा नाही, आगीची भीती खरी आहे. बाल्कनीतून निर्माल्य किंवा नारळ समुद्रात सोडायची इच्छा होते, कळतं मला, पण जहाजावरून काहीही टाकायला बंदी असते, प्लास्टिक तर मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्रात कुठेच टाकता येत नाही. हात जोडा, पुरे.

मस्टर ड्रिलला, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं याच्या सरावाला, बरेच प्रवासी कंटाळतात, मध्येच बोलतात, सेल्फी काढतात. कोस्टा कॉन्कॉर्डिया १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, ३२ माणसं गेली. १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना समजावून सांगा. शेजारचा कितीही बडबड करत असला तरी तुम्ही ऐका.

वेळेचं. जर्मन, जपानी लोक पाच मिनिटं आधी येतात, आपला ग्रुप पाच मिनिटांनी निघायला लागतो आणि मग बसमधले बाकीचे टाळ्या वाजवतात, टोमणा मारतात, ते उद्धट वाटतं पण त्यांची अर्धी सहल गेलेली असते. बंदरावर उतरलात तर परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्या. मार्च २०२४ मध्ये नॉर्वेजियन डॉन हे जहाज आफ्रिकेतल्या साओ टोमे बेटावर आठ प्रवाशांना सोडून निघून गेलं, त्यात वयस्कर माणसं आणि एक गरोदर बाई होती, खाजगी टूरवरून उशिरा आले एवढंच कारण.

आता क्रूबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. जहाजावर आपले लोक खूप कामाला असतात, गोव्याची, वसईची, सिंधुदुर्गाची पोरं, ज्यांच्या घरी "तो बोटीवर आहे" असं सांगतात. नावाच्या बिल्ल्यावर इंडिया दिसलं की आपल्याला आनंद होतो आणि मग आपण त्यालाच सगळ्यात जास्त पिडतो. "अरे भाऊ तू आपलाच ना, जरा आतून फोडणीचं वरण आण, जरा सहा पाण्याच्या बाटल्या दे, बिलात लावू नको." त्याला नाही म्हणता येत नाही, मागे सुपरवायझर उभा असतो आणि त्याच्या वाट्याची बाकीची टेबलं थांबलेली असतात. फिलिपिनो वेटरला आपण असं सांगत नाही, आपल्या मुलाला सांगतो. करू नका. जे मेनूत आहे ते मागा, वेगळं हवं असेल तर आदल्या दिवशी विचारा.

त्यांच्या कामाचे तास माहीत करून घ्या. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे नियम पाळूनसुद्धा दिवस फार मोठा असतो, आणि कित्येकांना कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत एकही पूर्ण सुट्टी नसते. तर चुटकी वाजवून, "ए हॅलो" करून बोलवायचं नाही. बिल्ल्यावर नाव असतं ते घ्यायचं. घरात आपण प्लीज-थँक यू म्हणत नसलो तरी इथे दर वेळी म्हणायचं. आणि मराठीत कोणाची टिंगल करताना समजू नका की कोणाला कळत नाहीये, ताटं उचलणाऱ्याला सगळं कळतं.

टिपचं आधीच ठरवा. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर बिलात आपोआप लागतात, चौघांचं कुटुंब पाच रात्री म्हटलं तर ३२० ते ४०० डॉलर झाले, हे बजेटमध्ये पहिल्यापासून धरा म्हणजे शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन ते काढून टाकायची वेळ येणार नाही. काढून टाकले तर ते कंपनीचे जात नाहीत, ज्याने तुमची गादी घातली त्याचे जातात. पी अँड ओच्या ब्रिटिश जहाजांवर २०१९ पासून वेगळी टिप लागत नाही, तेव्हा तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

कोणी खरंच वाईट बोललं, रंगावरून, वासावरून, देशावरून, तर गप्प बसायचं असं मी म्हणत नाहीये. पण तिथल्या तिथे आवाज चढवला तर सिक्युरिटीला दोन भांडणारे दिसतात. बाजूला व्हा, वेळ आणि जागा लिहून ठेवा, साक्षीदार असेल तर केबिन नंबर विचारून घ्या, गेस्ट सर्विसला जाऊन सिक्युरिटी ऑफिसर मागा आणि लेखी तक्रार करा, सार्वजनिक जागांवर कॅमेरे असतात ते बघायला सांगा. कॅप्टनला प्रवाशाला पुढच्या बंदरात उतरवायचा अधिकार असतो, आणि तो वापरला जातो.

शेवटच्या रात्री बॅगा सांगितलेल्या वेळेत दाराबाहेर ठेवा, सकाळी लिफ्टमध्ये व्हीलचेअरवाल्यांना आधी जाऊ द्या. आणि ज्यांनी चांगलं काम केलं त्यांची नावं फोनमध्ये टिपून ठेवा, घरी आल्यावर ईमेलवर सर्व्हे येतो तेव्हा ती स्पेलिंगसकट लिहा, कुठल्या रेस्टॉरंटमध्ये, कुठल्या डेकवर तेही लिहा, कारण अशी नावानिशी आलेली दाद त्यांच्या वरिष्ठांपर्यंत पोचते.