आयआरसीवर हूइजची चॅनेल लिस्ट वाचताना या चुका टाळा

आयआरसी म्हणजे इंटरनेटवरची जुनी चॅट सिस्टम, तिच्यासाठी बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लिहायला घेतला की हा प्रश्न येतोच, हा युजर कुठल्या कुठल्या चॅनेलवर आहे? हूइज (युजरची माहिती विचारणारी WHOIS कमांड) मारायचं, सर्व्हर 319 नंबरचा रिप्लाय देतो, त्यात चॅनेलची नावं असतात, झालं काम. पण इथेच बहुतेकांचं गंडतं, कारण ती त्या युजरची पूर्ण लिस्ट नसतेच, विचारणाऱ्याला जेवढं दिसायची परवानगी आहे तेवढीच असते.

चॅनेलवर +s (सिक्रेट) किंवा +p (प्रायव्हेट) मोड असेल आणि तुम्ही स्वतः त्या चॅनेलवर नसाल तर ते नाव येतच नाही, आणि बऱ्याच नेटवर्कवर युजरनेच +i (इन्व्हिजिबल) मोड लावला असेल तर कॉमन चॅनेल सोडून बाकी काहीच दिसत नाही. म्हणून "लिस्टमध्ये नाही म्हणजे चॅनेलवर नाही" असं धरून कुणाला किक किंवा बॅन करणारा बॉट प्लीज लिहू नका, निष्पाप लोकं बाहेर फेकली जातात आणि त्यांना कारणही कळत नाही. आणि टेस्ट करताना स्वतःच्याच निकवर (टोपणनावावर) हूइज मारू नका, स्वतःची सगळी चॅनेल्स दिसतात, सिक्रेटसुद्धा, त्यामुळे कोड बरोबर आहे असं वाटत राहतं. दुसऱ्या निकने, एकही कॉमन चॅनेल नसताना बघा.

दुसरी चूक म्हणजे 319 ची वाट बघत बसणं. दाखवण्यासारखं चॅनेल नसेल तर सर्व्हर रिकामा 319 पाठवत नाही, तो पाठवतच नाही, आणि मग कोड लटकतो. थांबायचं ते 318 ला, तिथे हूइज संपतं. उलट चॅनेल्स खूप असतील तर एका ओळीत मावत नाहीत (ओळीची मर्यादा 512 बाइट, शेवटचे दोन कॅरेक्टर धरून), मग 319 दोनतीनदा येतो, पहिलाच घेऊन पुढे गेलात तर अर्धी नावं गेली. 318 येईपर्यंत गोळा करत राहा.

आता नावापुढची चिन्हं. @ म्हणजे ऑप (चॅनेल चालवणारा), + म्हणजे व्हॉइस (बोलायची खास परवानगी), पण अनेक नेटवर्कवर ~ & % पण असतात, आणि मल्टी-प्रिफिक्स (एका युजरची सगळी चिन्हं दाखवायची सोय) चालू केलं असेल तर @+ असं एकत्रही येऊ शकतं, त्यामुळे "पहिलं अक्षर काढून टाका" हे चालत नाही. त्यात & हे लोकल चॅनेलच्या नावाचं पहिलं अक्षरही असू शकतं, 1993 च्या आरएफसी 1459 (आयआरसीचे नियम सांगणारा दस्तऐवज) पासून! कनेक्ट झाल्यावर 005 नंबरच्या रिप्लायमध्ये प्रिफिक्स (कुठली चिन्हं चालतात) आणि चॅनटाइप्स (चॅनेलची नावं कुठल्या खुणेने सुरू होतात) मिळतात ते वाचा, आणि चिन्ह तेव्हाच काढा जेव्हा त्याच्या पुढचं अक्षरसुद्धा चिन्ह किंवा चॅनेल-खूण असेल. म्हणजे @#पुणे मधला @ जाईल आणि &पुणे तसंच राहील.

आणि दर मिनिटाला सगळ्यांवर हूइज मारत बसू नका, फ्लड (कमांडचा भडिमार) म्हणून सर्व्हर तुम्हालाच काढेल. तुमचा बॉट ज्या चॅनेलवर आहे तिथली माहिती तशीही येत असते, आत शिरताना 353 नंबरच्या रिप्लायमध्ये नावं मिळतात, पुढे जॉइन (कुणी आत आलं), पार्ट (कुणी चॅनेल सोडलं), किक (कुणाला काढलं) हे मेसेज बघत लिस्ट अपडेट करायची. फक्त क्विट (कुणी सर्व्हरच सोडला) जपून, त्यात चॅनेलचं नाव नसतं आणि चार चॅनेल कॉमन असली तरी तो एकदाच येतो, तेव्हा तो निक चारही लिस्टमधून काढावा लागतो.